बाईंचा आराम

मिस्त्रींच्या शोकसभेला डेपोच्या हॉलमधल्या खुर्च्या कमी पडल्या आणि त्यांच्या मुलाच्या चेहऱ्यावर दोन आठवड्यांत पहिल्यांदा जरा तजेला आला. वर्कशॉपमधून बाकं आणावी लागली. उशिरा आलेल्यांनी भिंतीला पाठ लावली. "बघ आई, किती माणसं आलीत," तो वाकून आईच्या कानात म्हणाला. "अख्खं गाव लोटलंय."

बाईंनी मान हलवली. त्यांना पहिल्या रांगेत, मॅनेजरच्या केबिनमधून आणलेल्या गुबगुबीत खुर्चीत बसवलं होतं. खुर्ची उंच, बाई ठेंगण्या. पाय जमिनीला टेकत नव्हते. ऐंशी ओलांडलेल्या बाईंना लहान मुलीसारखे पाय लोंबकळत ठेवून सभा संपेपर्यंत बसायचं होतं, आणि जमलं तर रडायचंही होतं. रडू काही येत नव्हतं.

गावात त्यांना सगळे बाईच म्हणत. एकेकाळी शिवणाच्या बाई म्हणत. मग शिवण गेलं, बाई तेवढ्या राहिल्या. नवऱ्याला मिस्त्री म्हणत, आणि ते मात्र शेवटपर्यंत मिस्त्रीच राहिले. नव्वदीत काठी टेकत रस्त्यानं निघाले, तरी एखादा बसड्रायव्हर गाडी हळू करून खिडकीतून ओरडायचा, "मिस्त्री, जरा आवाज ऐका हो इंजिनाचा!" आणि मिस्त्री रस्त्याच्या मधोमध उभे राहून, डोळे मिटून, इंजिन ऐकायचे. मागच्या गाड्या हॉर्न मारून बेजार व्हायच्या. त्यांच्या ते गावीही नसायचं.

पहिल्यांदा डेपोचा मॅनेजर बोलला. पोरगेलाच होता. मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा तो पाळण्यात असेल. "मला त्यांच्या हाताखाली काम करायचं भाग्य लाभलं नाही," एवढं खरं बोलून त्यानं पुढं कर्तव्यदक्ष, निष्ठावान, आदर्श असे शब्द एकामागून एक रांगेत उभे केले आणि घाम पुसत खाली बसला.

मग भोंगा उठला. हा जुना ड्रायव्हर. आवाजावरून हे नाव पडलेलं. त्यानं माइक बाजूला सारला. त्याला त्याची गरज कधीच नव्हती.

"मिस्त्रीचा बाप गेला तेव्हा हा चौदाचा," भोंगा म्हणाला. "शाळा सोडून गॅरेजात नट धुवायला लागला. तीन भावंडांना हातपाय फुटेपर्यंत पोसलं, मग स्वतःचं लग्न. डेपोत लागला तेव्हापासून मी बघतोय, डबल ड्युटीला नाही म्हणाला असेल तर माझं नाव बदला. आणि सुट्टीच्या दिवशी काय, तर याच्या घरची मोटर, त्याच्या घरचा पंप. कुणाकडून एक छदाम नाही. एकदा टेकडीच्या चढावर माझी गाडी बसली. आत पन्नास माणसं, त्यात एक बाळंतपणाला निघालेली पोर. निरोप गेला, तर हा सायकल हाणत आला. खाली शिरला, म्हणाला, सायलेन्सर लोंबतोय, बांधायला काही दे. माझ्याकडं कुठलं काय! यानं कमरेचा पट्टा काढला आणि त्यानं बांधला. नंतर अख्खा रस्ता एका हातानं पॅन्ट धरून बसमध्ये उभा! ती पोर कळा विसरून हसायला लागली."

हॉल हसला. बाईसुद्धा हसल्या. ही गोष्ट खरी होती. पट्टा त्या बाळंतिणीच्या गावापर्यंत गेला आणि परत आला नाही, हे बाईंना जास्त ठाऊक होतं; पुढं कित्येक दिवस मिस्त्री पॅन्टला सुतळी बांधून कामावर जात होते. माणूस वाईट नव्हता. तीच तर सगळी पंचाईत होती. वाईट असता तर बाईंना कुणाकडे तरी जाऊन सांगता आलं असतं.

मग मुलगा उठला. त्यानं कागद आणला होता, पण दोन वाक्यांतच तो घडी करून खिशात घातला.

"बाबांविषयी एकच गोष्ट सांगतो," तो म्हणाला. "आम्ही लहान असताना बाबांचा पगार तुटपुंजा. आईनं खूप खस्ता खाल्ल्या. दिवसभर मशीन मारायची. बाबांना ते बघवायचं नाही. रिटायर झाल्यावर माणूस काय करतो? फिरायला जातो. बाबांनी काय केलं? आई मावशीकडे गेली होती. परत आली तर बाहेरच्या खोलीतल्या सगळ्या मशिनी गायब! त्या जागी नवाकोरा सोफा! बाबा म्हणाले, आजपासून तुझं मशीन बंद. आता तू फक्त आराम करायचा. आईच्या डोळ्यांत पाणी आलं." त्यानं टेबलावरच्या फोटोकडे बघितलं. "त्या दिवसापासून बाबांनी आईला सुईला हात लावू दिला नाही. स्वतःच्या शर्टाचं बटण तुटलं तर स्वतः लावायचे. नव्वदाव्या वर्षीसुद्धा. असा नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही."

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण कुणीतरी मागं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. शेजारी बसलेल्या मुलीनं आईचा हात हातात घेऊन दाबला. तिचे डोळे भरले होते. बाई समोर भिंतीकडे बघत राहिल्या.

खरं काय घडलं ते त्या हॉलमध्ये त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत असायला हवं होतं तो टेबलावरच्या फोटोतून हसत होता.

पहिलं मशीन बाईंच्या आईचं होतं. घरचे कपडे शिवता शिवता शेजारच्या बायका कापडं टाकू लागल्या, मग शाळेचे गणवेश आले, मग एक दिवस एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली, "हिला चार गोष्टी शिकवा, घरी नुसती लोळत असते." एकीच्या दोघी झाल्या, दोघींच्या आठ-दहा. मशीन एकाची सहा झाली. बाहेरच्या खोलीत जेवणं उरकली की पोरी यायच्या आणि संध्याकाळपर्यंत तिथं असा खडखडाट चालायचा की रस्त्यावरचा माणूस डोकावून जायचा.

लोकांना वाटायचं, बाई पोटासाठी शिवतात. सुरुवात पोटासाठीच झाली होती, हे खोटं नाही. पण पुढं ते वेगळंच काहीतरी झालं. टेबलावर कापड पसरलं, खडूनं रेघा मारल्या, की पहिली कात्री चालवण्याआधी बाई क्षणभर श्वास रोखून धरायच्या. अख्खा कपडा डोक्यात आधीच तयार असायचा. कापडात तो नुसता शोधायचा असायचा. आणि पोरी! बाईंचं तोंड फटकळ. "ही बाही आहे की उशीचा अभ्रा?" असं म्हणून सगळ्यांसमोर उसवायला लावायच्या. तरी पोरी त्यांनाच चिकटायच्या. आईला सांगता येत नाही ते मशिनीवर खाली मान घालून बाईंना सांगायच्या.

त्यातली एक डावखुरी. तेच तिचं टोपणनाव. कात्री तिच्या हातात उलटी पडायची, कापड कुरतडल्यासारखं व्हायचं. दोन जागी शिकायला गेली आणि दोन्हीकडून हाकलली गेली होती. बाईंनी तिला हाकललं नाही. पोरी गेल्यावर त्या स्वतः डाव्या हातात कात्री धरून जुन्या चादरी कापत बसायच्या, पंधरा दिवस बसल्या, बोटं सोलून निघाली, मग तिला समोर बसवून म्हणाल्या, "आता बघ, असं धर." पुढं त्या पोरीसारखी कापणी कुणालाच जमली नाही, बाईंनासुद्धा नाही. दोघींनी मिळून गावातल्या अर्ध्या लग्नांचे कपडे केले. बाहेर पाटी लावायची, दोघींचं दुकान काढायचं, असं बोलणंही सुरू झालं होतं.

मिस्त्रींनी यातलं काही पाहिलं नव्हतं. ते उजाडायच्या आत जायचे आणि पोरी गेल्यावर यायचे. त्यांना दिसायच्या त्या कापडाखाली झाकलेल्या सहा मशिनी आणि कंबर चोळणारी बायको. सुट्टीला ते मशिनींना तेल घालायचे, पट्टे आवळायचे, पेडलची कुरकुर घालवायचे. तेल घालता घालता म्हणायचे, "थोडे दिवस कळ काढ. एकदा पोरं मार्गाला लागू देत." बाईंना वाटायचं, ते स्वतःच्याच नोकरीबद्दल बोलताहेत.

मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा मुलगा नोकरीला लागला होता, मुलीचं लग्न झालं होतं. पहिल्या दिवशी ते बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले. दुपारी पोरी आल्या, काकांना बघून दारातच घुटमळल्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. दहा-बारा दिवसांत मिस्त्रींनी पाहायचं ते पाहून घेतलं: बायको दुपारभर वाकून राबते आणि आपण पेपर वाचतोय.

त्याच सुमारास बाईंच्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं. बाई पोरींना आठवड्याची कामं वाटून देऊन तिच्याकडे गेल्या. परत आल्या तेव्हा मिस्त्री दारातच उभे होते, दाढीबिढी करून.

"डोळे मिट," ते म्हणाले.

"काहीतरीच काय! म्हातारपणी सोंगं."

"मिट गं. सांगतोय ना."

त्यांनी हाताला धरून आत नेलं. बाईंनी डोळे उघडले. भिंतींना पिवळा रंग. खिडक्यांना पडदे. मधोमध सोफा, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. एखाद्या पोरानं शाळेत काढलेलं चित्र दाखवावं तसे मिस्त्री बाईंच्या तोंडाकडे बघत होते.

"मशिनी कुठायत?"

"गेल्या!"

"कुठं गेल्या?"

"विकल्या. बाहेरगावचा माणूस टेम्पो घेऊन आला, एका खेपेत सगळं घेऊन गेला. माझ्या हातच्या तेल घातलेल्या मशिनी, खूश झाला गडी."

"आणि पोरी?"

"आल्या होत्या. म्हटलं, तुमच्या बाई रिटायर झाल्या. चहा पाजला सगळ्यांना."

बाईंची नजर खोलीभर फिरली. शेवटी म्हणाल्या, "माझी कात्री?"

"तीही त्याच्यातच गेली. तुला आता कशाला लागतेय कात्री?" मिस्त्रींनी सोफ्यावरचं प्लास्टिक टरकावलं. "बस. बस तर खरी. बूड टेकून बघ कसं मऊ आहे ते. अगं, रडतेस काय वेडे? संपलं सगळं. आता मी आहे ना!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मुलानं सांगितलं ते खरंच होतं. बापानं त्याला तसंच सांगितलं होतं. गावालाही तसंच सांगितलं होतं.

बाईंनी बोलून बघितलं नाही असं नाही. महिन्याभरानं, मिस्त्री जेवत असताना त्या म्हणाल्या, "मला ते आवडायचं."

"काय?"

"शिवणं. पोरींना शिकवणं."

मिस्त्री मनापासून हसले. "काम कुणाला आवडतं गं? मला आवडत होतं का ग्रीसमध्ये लोळायला? पोटासाठी केलं. तूही केलंस. आता झालं ना?"

"मग तुम्ही का नाही बसत? सकाळपासून चार घरचे पंप खोलून आलात."

"माझी गोष्ट वेगळी. पुरुषमाणसाला बसवत नाही."

मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, किती दिवस पाय मारत बसणार? बाबांना किती बरं वाटलंय बघ." मुलगी फोनवर म्हणाली, "तुझी कंबर दुखायची ना? मग!" एकदा बाईंनी नव्या मशिनीचं नाव काढलं, तर मिस्त्रींचा चेहरा असा उतरला, जसं काही कुणी त्यांच्या तोंडात मारली. दोन दिवस जेवले नाहीत नीट. बाईंनी परत ते नाव काढलं नाही. वाट बघत राहिल्या, पोरींपैकी कुणीतरी येईल, डावखुरी तरी येईल. कुणी आलं नाही. एकदा बाजारात ती समोरून येताना दिसली. बाईंनी हात वर केला, तर तिनं मान फिरवली आणि गल्लीत वळली. त्या दिवशी बाईंच्या मनात काहीतरी कायमचं मिटलं.

आणि मग त्यांनी सूड घ्यायचं ठरवलं. सूड म्हणजे काय, तर एवढासा. मिस्त्री शर्ट घेऊन आले, "बटण तुटलंय गं," तेव्हा बाई म्हणाल्या, "मी रिटायर झालेय." आणि भाजी निवडत राहिल्या.

त्यांना वाटलं, आता भांडण होईल. निदान माणूस विचारील, का गं अशी करतेस? मिस्त्री क्षणभर बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "बरोबर! अगदी बरोबर बोललीस." सुईदोरा शोधून स्वतः बसले. नटबोल्ट आवळावा तसं बटण आवळलं. संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन सांगितलं, "हिला मी सुईसुद्धा धरू देत नाही. माझी बटणं मीच लावतो." लोक वाहवा करू लागले. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारू लागल्या, "बघा जरा मिस्त्रींकडे." बाईंनी उगारलेला दगड त्या माणसानं झेलला आणि छातीवर बिल्ला म्हणून लावला. आता बाईंना मागं फिरता येईना. सुई हातात घ्यावी तर हरल्यासारखं, न घ्यावी तर त्यांचा बिल्ला आणखी चकचकीत.

अशी तीस वर्षं गेली. नव्वदी गाठलेल्या माणसाचं लोकांना कौतुक असतं. त्या वर्षांमध्ये त्याच्याबरोबर घरात कोण होतं, हे कुणी विचारत नाही. मिस्त्रींना स्वस्थ बसवत नव्हतंच. पंपांची कामं कमी झाली तसे ते स्वयंपाकघरात शिरले. डबे उंचीप्रमाणे लावले. झाकणांवर खुणा केल्या. गॅसची ज्योत किती ठेवावी, नळ किती आवळावा, दार कसं लोटावं, सगळं शिकवलं. बाई सोफ्यावर बसून राहायच्या. त्या सोफ्याचं कापड त्यांच्या जागेवर विरलं, तेव्हा मिस्त्रींनी नवं कव्हर बाहेरून शिवून आणलं. बाईंनी शिलाई पाहिली. धागा ढिला होता.

शेवटच्या वर्षी मिस्त्रींचे हात कापायला लागले. एका सकाळी ते खिडकीजवळ शर्ट मांडीवर घेऊन बसले होते आणि सुईच्या नाकात दोरा जात नव्हता. जिभेनं ओला करत होते, पुन्हा धरत होते, पुन्हा चुकत होता. बाई समोरच होत्या. बराच वेळ तो खेळ चालला. मग मिस्त्रींनी मान वर केली. नुसती सुई आणि दोरा पुढं केला.

बाई उठल्या. दारात गेल्या आणि शेजारच्या सुनेला हाक मारली, "जरा येतेस का गं? काकांना बटण लावून दे."

ती आली, लावून दिलं. मिस्त्री तिला म्हणाले, "हिला मी आराम दिलाय, बरं का." पण या वेळी ते बाईंकडे बघत नव्हते. त्यांना काही कळलं होतं की काय, हे बाईंना कधी समजलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते अंथरुणाला खिळले. बाईंनी त्यांचं सगळं केलं, हागणंमुतणं काढलं, भरवलं, पाठ पुसली. कशात कसूर ठेवली नाही. पण ती पुढं केलेली सुई काही डोळ्यांसमोरून हलली नाही.

टाळ्या थांबल्या होत्या. मुलगा खाली बसणार, तेवढ्यात भोंगा जागेवरूनच ओरडला, "त्यानं मशिनी का विकल्या, ते माहीत नाही तुला! मी सांगतो!"

मुलगा थबकला. बाईंनी मान वळवली.

"आमच्याकडे एक कारकून होता, लय खवचट," भोंगा उभा राहत म्हणाला. "पगाराच्या दिवशी रांगेत सगळ्यांसमोर याला म्हणाला, मिस्त्री, तुला कशाला हवाय पगार? तुझं घर तर बायकोच्या सुईवर चालतं! सगळे हसले. मीही हसलो असेन, खोटं कशाला बोलू. मिस्त्री काही बोलला नाही. पण त्या दिवशी डबा उघडला नाही त्यानं. मला म्हणाला, भोंग्या, ज्या दिवशी माझी पोरं मार्गाला लागतील ना, त्या दिवशी ती सुई माझ्या घरातून बाहेर. वीस वर्षं ते मनात धरून होता गडी! आणि करून दाखवलं. याला म्हणतात मर्द!"

पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात.

बाईंना क्षणभर ऐकूच येईना. इतकी वर्षं त्यांनी स्वतःची एक समजूत घातली होती, की केलं ते चुकीचं, पण आपल्यासाठी केलं. माया होती, उलटीसुलटी का होईना. त्या समजुतीवर पाठ टेकून त्या जगल्या होत्या. आणि ते कधी त्यांच्यासाठी नव्हतंच. कुणा एका खवचट कारकुनाच्या एका वाक्यासाठी होतं. त्यांच्या सहा मशिनी, त्यांच्या पोरी, ती पाटी, सगळं त्या वाक्याची फेड करण्यात गेलं. आणि तो कारकून संध्याकाळपर्यंत ते विसरूनही गेला असेल.

"आई, तू दोन शब्द बोलतेस का?" मुलगा माइक घेऊन समोर उभा होता. "नको वाटत असेल तर राहू दे."

बाईंनी माइक घेतला. हॉल गप्प झाला.

"मला शिवायला आवडायचं," बाई म्हणाल्या.

मागं कुणीतरी हळहळलं. एक बाई पदरानं डोळे टिपू लागली.

"त्यांनी मला विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "मी बहिणीकडे गेले होते. मला कुणी..."

आवाज घोगरा झाला. मुलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अलगद माइक काढून घेतला. "आईला भरून आलंय," तो लोकांना म्हणाला. "आपण सगळे आलात, आभारी आहोत."

लोक भेटायला रांगेनं येऊ लागले. "भाग्यवान हो तुम्ही, बाई." "असा माणूस होणे नाही." बाई प्रत्येकाला मान हलवत होत्या. रांग संपत आली तेव्हा एक पन्नाशीतली, चष्मेवाली बाई समोर आली आणि उभी राहिली. बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, ओळख पटेना. मग तिनं डोळे पुसायला हात वर केला. डावा.

"तू?" बाई म्हणाल्या.

"खरं का ते, बाई? तुम्हाला विचारलं नव्हतं?"

बाईंनी मान हलवली.

"काका म्हणाले, बाईंना आता तुमचा वैताग आलाय, त्यांना सुटका हवीय. असं हसत हसत म्हणाले, चहा दिला. मला वाटलं, दुकानाचं नको होतं म्हणून तुम्ही मुद्दाम गावाला गेलात आणि त्यांना पुढं केलंत. तोंडावर सांगायला नको म्हणून." तिनं चष्मा काढून पुसला. "बाजारात तुम्ही दिसलात तेव्हा मला इतका राग होता, बाई. मी बघितलं सुद्धा नाही तुमच्याकडे."

"मी रोज वाट बघायचे तुझी."

"आणि मी तुमच्या निरोपाची."

मुलगी लांबून "आई, गाडी आलीये," म्हणून हाका मारत होती. डावखुरी घाईघाईनं म्हणाली, "माझं शिवणाचं दुकान आहे आता. चौदा पोरी आहेत कामाला. याल? उद्या या. कधीही या."

दुसऱ्या दिवशी बाई गेल्या. मुलगा नको नको म्हणत होता, पण शेवटी रिक्षानं घेऊन गेला आणि स्वतः बाहेर फोनवर बोलत उभा राहिला. दुकान चांगलं होतं, लांबलचक, दिव्यांनी लख्ख. मशिनी सगळ्या विजेच्या. पोरी कानात गाणी घालून शिवत होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. डावखुरीनं सगळ्यांना उठवलं आणि म्हणाली, "या माझ्या बाई." पोरींनी हसून मान तुकवली आणि पुन्हा खाली घातली.

"बसता का एकदा?" डावखुरीनं खुर्ची पुढं ओढली.

बाई बसल्या. कापड घेतलं, बोटांनी कड शोधली. एका डोळ्यानं धूसर दिसत होतं. पाय ठेवला मात्र, मशीन एकदम भरधाव सुटलं. बाईंनी दचकून पाय काढला. पुन्हा ठेवला. कापड हातांतून ओढलं गेलं. शिलाई आधी आत गेली, मग बाहेर आली, मग काठावरून घसरून खाली पडली.

"सवय नाही ना या मशिनीची," डावखुरी म्हणाली. "चार दिवस आलात की बसेल हात."

"हो," बाई म्हणाल्या. बसणार नाही, हे दोघींना कळत होतं. बाईंनी आयुष्यभर पोरींच्या तोंडावर वाकडी शिलाई फेकली होती. आज त्यांच्या वाकड्या शिलाईला कुणी वाकडं म्हणायला तयार नव्हतं. डावखुरीनं कपबशीतून चहा मागवला, सोबत बिस्किटं, जशी बाहेरच्या माणसासाठी मागवतात. बाई खुर्ची थोडी मागं घेऊन मशिनींचा आवाज ऐकत बसल्या. चहा संपला. शेजारच्या पोरीनं, बाईंचं लक्ष नाही असं बघून, तो तुकडा उचलला आणि भराभर उसवायला घेतला. बाईंनी बघितलं. पोरीचा हात चांगला होता.

परतताना मुलगा म्हणाला, "कशाला जिवाला त्रास करून घेतेस, आई? बाबा असते तर त्यांना वाईट वाटलं असतं."

"ते असते तर मी गेले असते का?"

मुलानं आईकडे बघितलं. असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. त्या बाहेरच्या खोलीत पोरींनी ऐकला होता, त्यानं नाही. "तुझं बाबांवर प्रेम नव्हतं का?" त्यानं हळूच विचारलं.

बाईंनी विचार केला. रिक्षा सिग्नलला थांबली. शेजारी एक बस उभी होती, इंजिन खडखडत होतं, आणि ड्रायव्हर बाहेर डोकावून वैतागून कुणाला तरी शिव्या देत होता.

"होतं की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर भांडले नाही. भांडायला हवं होतं."

रिक्षा पुढं निघाली तेव्हा मुलानं आईचा तोल जाऊ नये म्हणून तिचा हात घट्ट धरला. बाईंनी तो हळूच सोडवला आणि समोरचा दांडा स्वतः धरला.